बुलेटिन आप्पा आणि खाडीचे बरगे

“बरगे कुणी टाकले रं? काढा ते बरगे! माणूस हाय हितं पाण्यात, दिसत न्हाय काय?”

मी सुरूच्या झाडाखाली पसरलो होतो, तो या आरोळीनं ताडकन उठून बसलो. झोपेत आधी वाटलं, आपण निपाणीकडं वेदगंगेच्या काठावर आहोत. डोळे चोळून बघितलं तर समोर वेंगुर्ल्याच्या बाजूची खाडी, डोक्यावर चैत्राचं टळटळीत ऊन, आणि खाडीच्या मधोमध कमरेइतक्या पाण्यात आमचे बुलेटिन आप्पा. एका हातात गळाची काठी, दुसरा हात समुद्राकडं रोखलेला. वाळूच्या ज्या बेटावर ते मघाशी कोरड्या पायानं चालत गेले होते ते बेट कुठं दिसेना. आणि आप्पा समुद्राला दम देत होते.

बरगे म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमध्ये घालायच्या फळ्या. त्या घातल्या की वरच्या अंगाला नदी फुगते, काढल्या की उतरते. आप्पांच्या अख्ख्या आयुष्यात पावसाळा सोडून नदी चढली ती दोनच कारणांनी. एक तर उसासाठी धरणातलं पाणी सुटलं म्हणून, नाही तर कुणी बरगे टाकले म्हणून. तिसरं कारण त्यांच्या ऐकिवातच नव्हतं. तेव्हा समुद्राच्या तोंडाशी कुणीतरी बंधारा बांधलाय आणि नेमका आत्ताच बंद केलाय, हा त्यांचा सरळ हिशेब. खाडीपलीकडच्या टेकडीवर एक म्हातारी काजूच्या बिया वेचत होती. ती हातातल्या बिया टाकून घरात पळाली, कारण तिला वाटलं आपल्यालाच काहीतरी काढायला सांगताहेत.

आवाज असाच होता त्यांचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत आप्पा मोल्डर होते, म्हणजे वाळूचे साचे करणारे, मी त्यांच्या शेजारच्या साच्यावर. एकदा दुपारचा भोंगा बिघडला, तर साहेबांनी आप्पांना गेटवर उभं केलं. आप्पांनी नुसतं “सुट्टीऽऽ” म्हटलं आणि आमच्याबरोबर शेजारचे चार कारखाने सुटले. पिरनवाडीत त्यांच्या घरी आक्का, म्हणजे त्यांची बायको, भाकरी थापायला बसायची ती हीच आरोळी ऐकून. मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर खासबागेत माझ्या गल्लीत येऊन विचारा. तिथंपर्यंत ऐकू यायची.

बुलेटिन आप्पा हे नाव पडलं त्यांच्या शनिवारच्या निरोपांमुळं. होळी झाली, नद्या निवळल्या, की बेळगाव ते निपाणी सगळ्या गळवाल्यांच्या फोनवर दर शनिवारी संध्याकाळी आप्पांचा आवाज यायचा. “मार्कंडेय: डोहात पाणी छातीइतकं, तळ दिसतोय. सकाळी मासा गारठलेला असतोय, ऊन अंगावर आल्याशिवाय गळ टाकू नगा. मलप्रभा, खानापूर बाजू: करंजाचा मोहर पाण्यात पडाय लागलाय, मोहराखाली बसा. वेदगंगा: पाणी सुटलंय, काठाची माती ढासळाय लागलीय, बायका-पोरं न्हेऊ नगा.” असं नदी-नदीचं सांगून झालं की एक सुस्कारा, आणि मग माशाची बातमी: “मासा म्हणशीला तर कायबी न्हाय. दिवसभर बसलो, एक शेंगाळा घावला. त्योबी आजारी.”

हा आजारी शेंगाळा सांगत असताना आप्पांच्या सायकलीला मागं पोतं बांधलेलं असायचं आणि त्या पोत्यात काहीतरी धडपडत असायचं. एकदा मी तोंडावरच धरलं. म्हटलं, “आप्पा, पोत्यात काय हाय मग?” तर म्हणाले, “बटाटं.” “बटाटं उड्या मारत्यात?” “नवीन बियाणं हाय रं.” पण हेच आप्पा पाण्याबद्दल एक बोटभर इकडं-तिकडं बोलायचे नाहीत. कुणी खोदून विचारलंच तर सांगायचे, “माशाबद्दल खोटं बोललास तर एकजण रिकाम्या हातानं घरला जातोय. पाण्याबद्दल बोललास तर एकजण घरलाच जात न्हाय.”

त्यांच्या मते मलप्रभेचा मासा कन्नड शाळेत शिकलेला, वेदगंगेचा मराठी. खानापूरकडं बसले की “बा रे, बा रे” करून बोलवायचे, निपाणीकडं “ये रं राजा.” मार्कंडेयचा मासा दोन्ही समजतो पण कुणाचंच ऐकत नाही, तो बेळगावचा. तिथंच त्यांनी एक कटला ओढला होता. तो बाहेर काढल्याबरोबर डोहाचं पाणी दोन बोटं उतरलं आणि खालच्या मळ्यातली मोटर उघडी पडून हवा ओढायला लागली. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे, निदान मोटर तरी.

असा हा गडी समुद्राच्या नादाला लागला तो पोरीपायी. एकुलती एक सुमन गोव्यात कंपनीत कामाला होती. तिथंच तिनं वेंगुर्ल्याकडचा मुलगा पसंत केला आणि लग्न झालं. सासरे होडीवरचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. सगळं गाव त्यांना तांडेलच म्हणायचं, म्हणून आम्हीही. लग्नाच्या पंगतीत आप्पांनी सुरमईचा तुकडा खाऊन जाहीर केलं, “चांगला हाय. पण समुद्रातला मासा म्हंजे आयता खारवलेला. त्यात मर्दुमकी कसली?” आवाज तो तसला. पंगतीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेलं. तांडेल तेव्हापासून आप्पांशी बोलत नव्हते.

बोलले ते एकदम सुमनला सातवा लागल्यावर. आप्पांनी फोन करून सांगितलं, पहिलं बाळंतपण माहेरी, पोरीला न्यायला येतो. तांडेल म्हणाले, “बाळंतिणीक ताजी मासळी व्हयी. तुमच्या थंय काय खावक घालशात, भट्टीतली वाळू?” आप्पांनी मरळीचं कालवण, तिची ताकद, तिच्यावर वाढलेले पैलवान, सगळं ऐकवलं. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. महिनाभर असंच चाललं. शेवटी आक्कानं एका सकाळी पिशवी भरून आप्पांच्या हातात दिली. “पोरीला घिऊन या. न्हाय आणली तर तुमीबी तिकडंच ऱ्हावा, होडी पुसत.” आणि आम्ही माझ्या जुन्या मारुती व्हॅनमधून आंबोलीचा घाट उतरलो.

तांडेलांनी चहा दिला. आप्पांनी चहा बशीत ओतला, आणि तो तोंडाला लावायच्या आत तांडेल म्हणाले, “इतकी पाण्याची अक्कल आसा, तर आज रातच्या जेवणाची मासळी तुम्ही हाडा. आमच्या खाडीतली. हाडलात तर सून तुमच्याबरोबर. नाय तर बाळंतपण हयसरच.” सुमन दारात उभी होती. ती काहीतरी बोलायला गेली, तर सासूनं तिला आत बोलावलं. मासळी आणायची पैज ऐकून आप्पांनी बशी खाली ठेवली. “काठी घे रं,” मला म्हणाले.

खाडीवर येऊन त्यांनी नेहमीसारखी पाहणी केली. पाण्यात काडी टाकून ओढ बघितली, ओली वाळू मुठीत दाबून बघितली, पाण्याची चव घेतली आणि थुंकले. पाणी समुद्राकडं वाहत होतं, चांगलं निवळ, मध्ये वाळूचं लांबलचक बेट. आप्पांचा चेहरा फुलला. “ही तर आपली वेदगंगाच की रं. नुसतं मीठ जास्त पडलंय.” आणि शनिवार होता, म्हणून तिथंच फोन काढून त्यांनी बुलेटिन दिलं: “खाडी, वेंगुर्ला बाजू. पाणी उतरतंय, सांजपतोर उतरतच ऱ्हाणार. मधल्या वाळूवर बिनघोर हुबं ऱ्हावा.” सगळीकडं निरोप गेला. सुट्टीला गोव्याला निघालेले आमचे कितीतरी गळवाले त्यात होते. मग आप्पा बेटावर गेले आणि मी झाडाखाली.

पुढचं मघाशी सांगितलं. मला पोहता येत नाही, म्हणून मी काठावरून आप्पांपेक्षाही मोठ्यानं ओरडत होतो. तेवढ्यात वळणावरून तांडेलांची होडी आली. जवळच कुठंतरी थांबले असावेत, पाहुण्याला कोण एकटं सोडतो? तोवर पाणी आप्पांच्या छातीशी होतं. काठी त्यांनी सोडली नव्हती.

“व्याही, ती भरती!” तांडेल होडीतून ओरडले. “रोज दोनदा येता. तेका कोण बरगे घालतलो?”

“रोज?” आप्पा पाण्यातून म्हणाले. “दोनदा? कुणाला इचारून?”

तांडेलांनी त्यांना काखेत धरून वर ओढलं. मला वाटलं, आता सुरू होणार. पाणी चोरून आलं, समुद्र दगाबाज आहे, पायाशी एवढा मोठा मासा लागला होता की त्याच्यामुळंच पाणी चढलं. दहा गोष्टी मीच मनात रचून ठेवल्या होत्या त्यांच्यासाठी. होडी अजून काठाला लागली नव्हती आणि आप्पा तिच्यातूनच ओरडले, “तुझा फोन आण. माझा मेलाय पाण्यात.”

“आप्पा, आधी अंग पुसा.”

“फोन आण म्हणतोय न्हवं!”

मी गुडघाभर पाण्यात जाऊन फोन दिला. आप्पांचे दात वाजत होते. आमच्या गळवाल्यांच्या फोनवरच्या गटावर त्यांनी निरोप बोलायला घेतला, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज एवढा हळू ऐकला की मला पुढं वाकावं लागलं. “मी आप्पा बोलतोय. दुपारी खाडीचं पाणी सांगितलं ते चुकीचं हाय. हितलं पाणी उलटं चढतंय. मला ते कळत न्हाय. माझ्या शब्दावर कुणी वाळूवर जाऊ नगा. आणि जे गेल्यात त्यास्नी फोन लावा, आत्ताच्या आत्ता.” एवढं बोलून फोन मला दिला. मासा किती मिळाला ते सांगितलं नाही. समोर वल्हं धरून तांडेल बसले होते. ज्या माणसापुढं जिंकायला आम्ही आलो होतो त्याच्यासमोर त्यांनी हे सगळं बोलून टाकलं होतं, आणि पोरगी गेली हातची, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

गटावर उत्तरं यायला लागली. एकजण खरंच शिरोड्याकडं वाळूवर उभा होता. त्याचा निरोप आला, “निघालो आप्पा.” तो वाचून दाखवला तेव्हा कुठं आप्पांनी टॉवेल घेतला.

रात्री जेवणात तांबोशी होती, तांडेलांच्या जाळ्यातली. तांडेलांनी माशाचं डोकं उचललं आणि आप्पांच्या ताटात ठेवलं. आप्पांनी ताट जरा पुढं सरकवलं. “माझ्या हातचा न्हाय ह्यो,” म्हणाले. तांडेल म्हणाले, “खावा.” आणि सकाळी उठून बघतो तर व्हॅनच्या मागच्या सीटवर उशा लावलेल्या, खाली सुक्या बांगड्यांचं गाठोडं, आणि तांडेल स्वतः सुमनला हात देऊन आत बसवताहेत.

आप्पा गेले ते ऐन फाल्गुनात, नद्या निवळल्या असताना. नात तेव्हा “आपा” म्हणायला लागली होती. त्या शनिवारी संध्याकाळी आमच्या फोनवर काहीच आलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. आम्ही फौंड्रीतले लोक उगाचच फोन काढून बघायचो आणि परत खिशात ठेवायचो. मग तिसऱ्या शनिवारी निपाणीच्या एका पोराचा आवाज आला, जरा चाचरतच: “वेदगंगा: पाणी सुटलंय, काठ ओला हाय, बायका-पोरं न्हेऊ नगा. मासा म्हणशीला तर कायबी न्हाय.” दुसऱ्या दिवशी पहाटे अर्धं बेळगाव वेदगंगेला होतं.

पण परत येतानाचं सांगायचं राहिलंच. आंबोलीचा घाट चढेपर्यंत आप्पांची छाती व्हॅनमध्ये मावेना. अंगावर अजून खाडीचं मीठ, आणि तोंडानं प्रवचन. “बघितलंस काय रं? तांडेल पाघळला. दर्यावर्दी माणूस, पण खरं बोलणं वळखलंन. त्या एका निरोपानं पोरगी सोडवून आणली मी, सोपं न्हाय हे.” मी स्टिअरिंगवरून मान डोलावत होतो, डोळे माझेही भरून आले होते. शेवटी आप्पा मागं वळले. “व्हय गं सुमे, रात्री तुझा सासरा काय म्हणाला माझ्याबद्दल?”

सुमननं उशी पाठीशी नीट केली. “कायबी न्हाय म्हणाले, आप्पा. आमच्या गावची डॉक्टरीण दोन महिन्यांच्या रजेवर गेलीया. मला तुमच्याकडं धाडायचं सासूबाईंनी गेल्या सोमवारीच ठरवलंया.”