चाचीसाठी नरम केलेली गाडी

अहमदपुरातले शॉकअप चाचा गाडी नीट झाली का न्हाई हे चालवून बघायचे न्हाईत, झोपून बघायचे. मागच्या सीटवर आडवे व्हायचे, डोळे मिटायचे आन् म्हनायचे, "चल पैलवान, खराब रस्ता पकड." चाचा ताडावानी उंच, आन् माझी जुनी आठशे मोटार म्हंजे काड्यापेटी. त्यांचे दोन्ही पाय खिडकीतून भाईर यायचे. असंच एकदा एस्टी स्टँडापुढून चाललो तर रसवंतीवरल्या मान्सांनी टोप्या काढल्या. एका म्हाताऱ्यानं हात जोडून मला विचारलं, "कोन गेलं बाबा?" म्या घाबरून ब्रेक दाबला. मागून चाचा डोळे न उघडता म्हनले, "रुकू नक्को. मैयत कू बी गड्डे लगते."

आता ते खरंच गेले. गेल्या साली, त्यांच्या मोठ्या लेकीच्या घरी, परभणीला. म्हनून आठवून राहिलो. न्हाईतर मी कशाचं लिव्हतोय, माझी शाळा मास्तरनंच सोडवली व्हती, म्हनला तू भाईर बसलास तर बाकीच्यांचं भलं हुईल.

चाचाचं खरं नाव गिऱ्हाइकाला ठाव नव्हतं. नांदेड रोडला पत्र्याचं शेड, आन् काम एकच. चाकावरची स्प्रिंग, आन् त्या स्प्रिंगचा उड्या मारायचा नाद मोडनारा दांडा, त्याला आपल्याकडं शॉकअप म्हनतात. इंजिनाला हात लावायचे न्हाईत. "इंजिन गाडी का दुखना है," म्हनायचे, "मेरा काम आदमी का दुखना." मला पैलवान म्हनायचे, कारन मी असा, की वारा सुटला तर गाडीच्या दाराला धरून हुबा राहतो.

त्यांची माझी वळख माझ्या येडेपनामुळं झाली. मी शिटा भरून लातूरला जायचो. माझ्या मनात आलं, आपली आठशे जीपवानी उंच दिसावी. नांदेडच्या भंगारातून मोठ्या गाडीच्या जाड स्प्रिंगा आनल्या आन् मागं ठोकून बसवल्या. गाडी मागून अशी उचलली, जनू कुनाच्या पाया पडून राहिली. पैला पाशिंजर कोन, तर सासरा. त्याला लोह्याला सोडायचं व्हतं, बायकोबी संगं व्हती. लोह्यापतूर सासरा बसला कमी आन् उडला जास्त. उतरल्यावर टोपी नीट करत त्यानं माझ्या बायकोला बाजूला नेलं आन् विचारलं, "पोरी, जावई माझ्यावर कशाचा राग काढून राहिला?"

बायकोनं मला तसंच चाचाकडं धाडलं. चाचानं लांबूनच गाडी बघितली. "गाडी उंच केली," म्हनले, "आन् अक्कल कुठं उतरवून ठिवली?"

पाना हातात घ्यायच्या आधी त्यांचा एक सवाल ठरलेला. "अंदर कौन बैठता?" गिऱ्हाईक म्हनायचं, चाचा, आवाज येतोय बघा डावीकडून. चाचा ऐकायचेच न्हाईत. आत कोन बसतं? वऱ्हाड बसतं का शिमिटाची पोती बसतात? पोटुशी बाई हाय का कुनी म्हातारं? त्यावर ते स्प्रिंग ठरवायचे. एका मास्तरनं चिडून सांगितलं, "मी एकटाच बसतो, काय करायचंय तुम्हाला?" चाचा शांतपनी म्हनले, "मग दुसरी सीट काढून टाका. तुमच्या सोभावाला गाडी बराबर झाली."

एक शॉकअप गेला तरी चाचा दोन्ही बदलायचे. म्या एकदा म्हनलं, चाचा, एकच टाका की, दुसरा चांगला हाय. तर म्हनले, "लग्नाला एक चप्पल घालून गेलता का?" म्या म्हनलं, "हाव. माझ्याच लग्नात. एक कुनीतरी पळवली व्हती." चाचा हसून हसून खाली बसले आन् शेडच्या मागं घर व्हतं तिकडं तोंड करून वरडले, "अगे, सुन, ये मसखरा क्या बोलता!"

तिथून चाची माझी झाली. बुटकी, जिभेला धार. मी दिसलो की म्हनायची, "आ गया, खाने के टैम पे आ गया." आन् ताटात ज्वारीची भाकर टाकायची. चाचा दिवसभर बोलायचे ते तिच्याकडं बघून, आन् ती दिवसभर त्यांना ऐकवायची. "लोगां के पीठां-कमरां संबालता," मला म्हनायची, "घर की खाट कब से हलरी, दिखती नै इनकू."

मग चाचीचं कंबरडं दुखायला लागलं. आधी तेल लावलं, मग पट्टा बांधला. लातूरच्या डॉक्टरनं फोटो काढला तर मनक्यात गाठ निघाली, वाईटातली. मशीनचा शेक घ्यायला घडीघडी लातूरला या म्हनले. पैल्या बारीला एस्टीत बसवलं तर गावाभाईर निघायच्या आत, पैल्याच गतिरोधकाला, चाची अशी किंचाळली की डायव्हरनं गाडी थांबवली. चाचा तिला उतरवून सरळ माझ्याकडं आले. "पैलवान, तेरी गाडी छोड मेरे पास," म्हनले. या बारीला मीच विचारलं, चाचा, आत कोन बसनार? चाचानं किल्लीसाठी हात पुढं केला.

त्यांनी माझ्या गाडीचं काय काय न्हाई केलं! कमी जोराच्या नरम स्प्रिंगा हुडकून आनल्या. शॉकअप चारी नवे. जिथं जिथं लोखंड लोखंडाला लागतं तिथलं रबर नवं. मागची सीट काढून खाटेवानी नवार इनली. आन् मग झोपून बघितलं, पन ते झोपनं येगळं व्हतं. चाची एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजायची. चाचा तसेच निजले, आन् पाठ मागं टेकवून मनक्यामागं लोखंडाचा पाना ठिवला. म्या म्हनलं, हे काय? म्हनले, "उसकू जहां दुखता, मेरेकू बी वहींच दुखना. तबी तो मालूम पडता." मी गाडी हाकली. जिथं पाना रुतला तिथं चाचा "हं" म्हनायचे. परत येऊन सदरा वर केला तर पाठीवर निळे वळ. त्या वळांकडं बघून मला म्हनले, "मागचं डावं अजून कडक हाय." आन् परत गाडीखाली गेले.

लातूरची वारी सुरू झाली. चाची मागं, चाचा माझ्या शेजारी. दर खड्ड्याला मान वळवायचे. "लगा?" चाची म्हनायची, "नै. मालूम बी नै पडा." चाचाच्या तोंडावर असा उजेड यायचा, की मलाच वाटायचं आपन काईतरी शिकलो. तरी घरी आलं की ते गाडीखाली. एक रबर काढ, दुसरं घाल.

एकदा दवाखान्यात चाचा औषधाच्या लायनीत उभे व्हते. मी गाडीपाशी चाचीला फुशारकी मारून राहिलो. म्हनलं, "चाची, हाय का लातूर जिल्ह्यात अशी गाडी? पाळना हाय पाळना."

चाचीनं मला हातानं जवळ बोलावलं. "सुन रे मसखरे. गाडी से कुच फरक नै. दुखता सो दुखता. गड्डा नै रहा तो बी दुखता."

मी म्हनलं, "मग चाचाला का न्हाई सांगत?"

"उनका हात खाली रहा तो उनो बैठ के मेरेकू देखते रहेंगे," चाची म्हनली. "गाडी के नीचे रैने दे." मग माझा कान धरला. "तेरे पेट में बात रहती नै, मालूम है मेरेकू. ये एक रख."

माझ्या पोटात बात राहत न्हाई हे अख्ख्या तालुक्याला ठाव. बायकोला दिवस गेले ते माझ्या आईच्या आधी एस्टीच्या कंडक्टरला कळलं व्हतं. पन ही बात म्या ठिवली. त्या दिशी परत येताना चाकूरच्या पुढं रस्ता खोदलेला. चाक खाली गेलं आन् मला आरशात दिसलं, चाचीनं ओढनी दातात धरली व्हती. चाचा मान वळवनार, तेवढ्यात म्या जोरात माझ्या चपलेची गोष्ट काढली. चाचा माझ्याकडं बघून हसले. मागं बघायचं राहून गेलं. तिथून पुढं प्रत्येक खराब टप्प्याला मी एक गोष्ट तयार ठिवायचो. माझ्या मसखरीचा जल्मात तेवढाच उपेग झाला.

चाची उन्हाळ्यात गेली. घरीच, सकाळी.

चाचानं लई दिवस शेड उघडलं न्हाई. मग एक दिवस निरोप धाडला, गाडी घेऊन ये. मला म्हनले, "नरम स्प्रिंगा निकाल देता मैं. चार पाशिंजर बसले की तुझी गाडी बुडाला घासती, धंदा कसा करशील?" म्या म्हनलं, राहू द्या. ऐकले न्हाईत. जॅक लावला आन् खाली सरकले. भाईर फकस्त ते लांब पाय. मी पायापाशी बसलो.

पाना चालू व्हता. मग थांबला.

"पैलवान, एक बात पूछूं? उसकू आराम था ना गाडी में?"

त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, माझं त्यांना. नुसतं 'हाव' म्हनलो असतो तर भागलं असतं. पन मी मी हाय, मला थोडक्यात खोटं बोलताच येत न्हाई. म्या म्हनलं, "आराम? चाचा, चाची अशी झोपायची, अशी झोपायची की घोरायची. मला गाडीचा आवाज ऐकू यायचा न्हाई."

गाडीखाली पाना फरशीवर ठिवल्याचा आवाज आला.

"उनो घोरती नै थी," चाचा म्हनले. "कबी बी."

मला वाटलं आता ते भाईर येतील, माझ्याकडं बघतील, आन् मला सगळं वकावं लागंल.

भाईर आले न्हाईत. खालूनच हळू म्हनले, "और बता."

"काय सांगू चाचा?"

"और क्या करती थी गाडी में, वो बता."

मग मी सांगाया लागलो. चाची झोपेत हसायची म्हनलं. चाकूर आलं की उठून चहा मागायची म्हनलं. येताना गानं म्हनायची म्हनलं. यातलं एकबी खरं नव्हतं आन् ते आमा दोघांलाबी ठाव व्हतं. चाचा मधून मधून "हौ" म्हनायचे. पान्याचा आवाज येतच नव्हता. मी त्या दोन पायांला सांगत बसलो, सांगत बसलो.