बसलिंगप्पा हत्तुरे यांना पास करण्यात आले

नाव : बसलिंगप्पा गुरुसिद्धप्पा हत्तुरे. वय : दहावीच्या मानाने बरंच. मूळ गाव होटगी, हल्ली मुक्काम सोलापूर, मार्केट यार्डाच्या मागची गल्ली. बांधा : एकटे बसले तरी बाक भरतो. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेन धरल्याचा घट्टा, लिहिल्याचा पुरावा नाही. शिक्षण : चालू. व्यवसाय : परीक्षार्थी, कायम. सदर इसमाविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही. सदर इसमाचा कोणाला उपयोग झाल्याचीही माहिती उपलब्ध नाही.

हत्तुऱ्यांचं बारदान्याचं दुकान आहे. बारदाना म्हणजे रिकामी पोती. सोलापूरच्या यार्डात कांदा येतो तो पोत्यांतून, आणि ती पोती कुणीतरी झटकावी लागतात, फाटकी निवडून शिवावी लागतात, गठ्ठे बांधून रचावे लागतात. हे काम थोरले भाऊ सोमशेखर करत. धाकटे बसलिंगप्पा करत नसत, कारण त्यांची परीक्षा असे.

कांद्याचा भर डिसेंबर ते मार्च. दहावीच्या अभ्यासाचा भरही नेमका तोच. हा योगायोग बसलिंगप्पांनी घडवून आणला नव्हता, पण एकदा लक्षात आल्यावर त्यांनी तो जपला. शिवाय नापासांसाठी जुलैत पुरवणी परीक्षा असते. म्हणजे शेतकऱ्याला जशी रब्बी आणि खरीप, तसे यांना मार्च आणि जुलै. मधल्या काळात निकालाचा धक्का असे, आणि धक्क्यात असलेल्या माणसाला कुणी पोती शिवायला लावत नाही.

घरात हे चालत होतं ते वडलांच्या शब्दावर. गुरुसिद्धप्पांनी जाताना सांगितलं होतं, की घरात एक तरी पोरगं दहावी पास झालेलं असावं. सोमशेखर एकदाच नापास झाले आणि शिक्षणातून मोकळे झाले. उरले बसलिंगप्पा. आई गुरम्मांनी नियमच केला : परीक्षेतल्या पोरानं पोत्याला हात लावायचा नाही. पोत्याची धूळ नाकावाटे डोक्यात जाते आणि तिथलं शिकलेलं बाहेर ढकलते, असं त्यांचं मत होतं. डिसेंबर लागला की घरातला टीव्ही बंद होई, बदामाचं दूध सुरू होई आणि सोमशेखरांच्या पोरांना अंगणात कुजबुजत क्रिकेट खेळावं लागे.

बाकीचे विषय एकेक करून सुटले. गणित राहिलं. बसलिंगप्पा मुद्दाम नापास होत असत, हा गल्लीतला आरोप अन्यायाचा आहे. त्यांना गणित खरोखरच येत नव्हतं. ते येऊ नये म्हणून त्यांनी घेतलेली काळजी मात्र मानावी लागेल. एका विषयात राहिलेल्याला अकरावीत बसता येतं, असं शाळेनं त्यांना सुरुवातीलाच सुचवलं होतं. "अर्धवट काम आपल्याला जमत न्हाय," असं म्हणून त्यांनी ते नाकारलं. पुढे त्यांचं लग्नही झालं, मार्चच्या पेपरानंतर आणि जुलैच्या फॉर्मआधी. मुलीकडच्यांना दिलेल्या माहितीत 'शिक्षण : दहावी (परीक्षा सुरू)' असं होतं. महेश्वरीबाईंना वाटलं, त्या आठवड्यात सुरू आहे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना २०२१ साल उजाडलं.

कोरोनाची दुसरी लाट आली आणि सरकारनं दहावीची परीक्षा रद्द केली. राज्यातली लाखो मुलं नाचली. बसलिंगप्पा बदामाचा पेला हातात धरून बसले. रद्द म्हणजे पुढच्या वर्षी, असा त्यांनी अर्थ लावला आणि दूध पिऊन टाकलं. तो अर्थ चुकीचा होता. परीक्षा नाही, पण निकाल आहे, असं निघालं. नियमित मुलांना नववीचे आणि शाळेतले गुण धरून पास करायचं, आणि पुन्हा बसणाऱ्यांना आधी सुटलेल्या विषयांची सरासरी काढून.

निकालानंतर बसलिंगप्पा मास्क लावून शाळेत गेले. त्या भागात शाळेच्या कार्यालयात रिकाम्या हातानं जायची रीत नाही, म्हणून पेढ्यांचा पुडा नेला. क्लार्क धनाजी त्यांना वर्षातून दोनदा भेटणारा, जवळजवळ नातेवाईक.

"या बसूअण्णा! झाला की पास शेवटी!" धनाजीनं पुडा उघडलाच.

"आरं पण मी पेपर कुटं दिलाय?"

"कुणीच न्हाय दिला."

"मला गणितात एकोणसाठ? मला?"

"मराठी, हिंदी, इतिहासाची सरासरी हाय ती. हिंदीनं लई वर काढलं तुमाला."

"हिंदीचा आणि गणिताचा काय संबंध?"

"आमी न्हाय विचारलं, तुमी पण विचारू नका. आन् तोंडीचे वीसपैकी अठरा सरांनी दिले. म्हणाले, इतकी वर्षं येतोय बिचारा, हजेरीचे समजा."

बसलिंगप्पांनी आवाज खाली घेतला. "धनाजी, मला नापास कर."

धनाजीचा घास अडकला. "आवो, ह्या वर्षी नापासाची सोयच न्हाय. ज्यांना हाय त्यांनाबी न्हाय. तुमाला कुटनं देऊ?"

पास करून घ्यायला पेढे घेऊन येणारे त्यानं नोकरीत बरेच पाहिले होते. नापास करून घ्यायला पेढे आणणारा हा पहिला. त्यानं तो विनय समजून दुसरा पेढा उचलला.

घरी गुरम्मांनी नवऱ्याच्या फोटोला हार घातला, गल्लीभर पुरणपोळ्या वाटल्या आणि सोमशेखरांना सांगितलं, "साकु आता. सोमवारपास्नं बसूला दुकानात घे." साकु म्हणजे पुरे. कन्नडमधला हा शब्द बसलिंगप्पांनी लहानपणापासून ऐकला होता, पण तो जेवताना.

सोमवारी ते पोत्यांत बसले. पहिल्याच पोत्याला शिंकले. दुपारपर्यंत इतके शिंकले की त्या काळच्या रीतीप्रमाणे गिऱ्हाईक चार दुकानं लांब सरकलं. सुई हातात शिरली. गठ्ठा बांधला तो उचलताना सुटला. कोपऱ्यावर चहावाला बसप्पा रोज ओरडायचा, "या, या, कोरोना पास! साखर सरासरीनं घालू का मोजून?"

अख्खी गल्ली मग त्यांना कोरोना पास म्हणू लागली. कुणीही चिडला असता. बसलिंगप्पा दिवाळीपर्यंत चिडले, आणि मग एका शिंकेनंतर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्याच संध्याकाळी ते आईपुढे मांडी घालून बसले.

"अव्वा, लोक मला कोरोना पास म्हणत्यात."

"म्हणू देत की. जळत्यात."

"अप्पांच्या शब्दाला बट्टा लागतोय, अव्वा. खरी परीक्षा देऊन दाखवावी म्हणतो. पास झालेल्याला परत बसता येतंय. श्रेणीसुधार म्हणत्यात त्याला."

सोमशेखरांनी सुई पोत्यात खुपसून ठेवली. "आरं, टक्के वाढल्यावर तुझ्याकडनं पोतं महाग घेणार हाय का कुणी?"

"अण्णा, प्रश्न इज्जतीचा हाय."

"कांदा यायला लागला की तुझी इज्जत जागी हुते बघ दरवर्षी."

पण गुरम्मांचे डोळे भरले होते. टीव्ही बंद झाला. बदाम भिजले. डिसेंबरात कांद्याच्या गाड्या रांगेनं यार्डात शिरल्या तेव्हा बसलिंगप्पा माडीवर पुस्तक उघडून, डोळे मिटून बसलेले होते. श्रेणीसुधारच्या दोन संधी होत्या, म्हणजे दोन हंगाम. पुढचं पुढे.

आता इथे एक अडचण आली, ती सरकारी दयेची. २०२२ ची परीक्षा झाली खरी, पण पोरांचं वर्ष मोबाईलवर गेलं म्हणून अभ्यासक्रम चौथाईनं कापला होता, लिहायला वेळ वाढवून दिला होता आणि परीक्षा ज्याच्या त्याच्या शाळेत ठेवली होती. बसलिंगप्पांना जे धडे इतकी वर्षं कधीच जमले नव्हते, त्यांतले बरेच कापलेल्या भागात गेले. उरलेल्या भागातली गणितं त्यांनी वर्षानुवर्षं छापील पेपरात इतक्या वेळा पाहिली होती, की ती त्यांना नावानं ओळखत. पर्यवेक्षक ओळखीचे. बाक ओळखीचा. नापास व्हायची भीती नाही, कारण झालं तरी जुनं पास कायम. आधी ते पहिल्या घंटेला पेपर देऊन बाहेर पडत. पण या वेळी घरी लवकर गेलं तर सोमशेखर दुकानात बोलावतील, म्हणून शेवटपर्यंत बसून राहिले. वाढीव वेळेत करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी पेपर सोडवला.

गणितात चौऱ्याऐंशी पडले.

बसप्पानं त्या दिवशी चहा फुकट दिला आणि "साहेब" म्हणाला. कोरोना पास हे नाव गल्लीतून नाहीसं झालं आणि त्याबरोबर बसलिंगप्पांची शेवटची सबबही. ते पुन्हा धनाजीकडे गेले, या वेळी बालूशाही घेऊन.

"जुलैला बसतो परत. अजून एक संधी हाय की."

"आता कशाला? सर तुमचा पेपर वर्गात दाखवून सांगत्यात, ह्यांना जमलं तर तुमाला का न्हाय म्हणून!"

"तरीबी."

"बसा बापडे. पण बसूअण्णा, खरं सांगा, तुमाला पाहिजे काय?"

बसलिंगप्पांनी कार्यालयाच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. मैदानात शांतता होती, लिंबाखाली सावली होती, कुणीही काही उचलत नव्हतं. "अभ्यास," ते म्हणाले.

जुलैत बसले. शहाण्णव पडले. संधी संपल्या.

मग घरात महेश्वरीबाई बोलल्या. लग्नापासून त्या 'परीक्षा सुरू' संपायची वाट पाहत होत्या. "अहो, एवढं डोकं हाय तर बारावी करा की."

बसलिंगप्पांना गहिवरून आलं. बारावी! नवीन पुस्तकं, नवीन विषय, पहिल्यापासून सगळं न येणारं; हंगामामागून हंगाम दिसू लागले त्यांना. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म त्यांनी आनंदानं भरला. शाखेचा रकाना राहिला होता, तिथे धनाजीनं न विचारताच रीतीप्रमाणे 'कला' लिहून टाकलं. बसलिंगप्पांनी सहीसुद्धा केली.

कला शाखेला गणित सक्तीचं नसतं.

पहिल्याच फटक्यात पास झाले. हल्ली पहाटे पाचला पोती मोजायला ते असतात.