व्हर्नाचे पिणारे

ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठच्या बॉलिंग क्लबात बारमागे व्हर्ना पास्को एकोणीस वर्षं उभी होती. पिणारा दारात दिसला की ती ओळखायची: हा तहानेचा, हा सोबतीपायी पिणारा, हा घरी जायला नको म्हणून बसणारा. गाव म्हणायचं, "पिणारे ओळखावेत ते व्हर्नानंच."

मग आरोग्य केंद्राची नेरिडा आली आणि क्लबातच टेबल मांडून बसली. कोण किती पितो ते विचारून ती माणसांचे गट पाडायची, म्हणजे ज्याच्या त्याच्या बेताचा सल्ला देता येईल. आणि "एक बिअर, व्हर्न" यापलीकडे कधी जीभ न हललेले म्हातारे तिच्यापुढे घडाघडा बोलू लागले!

"माझ्यापुढे तोंडाला कुलूप," व्हर्ना फणकारली, "आणि तिच्यापुढे नळ सोडलाय!"

"ती विचारते तरी," बारशी रोज बसणारा कीथ म्हणाला. "तू नुसती ओततेस."

हे तिला मिरचीसारखं झोंबलं.

शनिवारी दुपारी तिचा धाकटा भाऊ लेन नेरिडाने दिलेली हिरवी चिठ्ठी नाचवत आला. "बघ, व्हर्न! कमी पिणारा! तपासणीसुद्धा नको म्हणाली."

"काय सांगितलंस तिला?"

"खरं तेच. दिवसाला दोन."

दोन! व्हर्नाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सहा जणांचं टोळकं, ज्याची पाळी त्याने सगळ्यांना पाजायचं. पाळी चुकवणारा माणसातच नाही. आणि मोजायचं ते आपण पाजलेलं. बाकीचं मित्रांचं प्रेम! लेनच्या दोन पाळ्या म्हणजे पोटात बारा ग्लास. फसली गं बाई फसली! वाचू दे तिला हे आकडे सोमवारी क्लबच्या समितीपुढे, होऊ दे हसं.

तेवढ्यात लेनने ग्लास उचलला. दोन्ही हातांनी. एका हाताने सांडायचा म्हणून.

व्हर्नाचं हसू जागीच विरलं. फडकं आपटून ती नेरिडाच्या टेबलाशी गेली. "पोरी, किती पिता ते विचारू नकोस. टोळक्यात किती जण बसता ते विचार."

हिशेब ऐकून नेरिडाचे डोळे विस्फारले. "तुम्हाला कसं कळलं हे?"

"तू विचारतेस. मी ओतते."

लेनची चिठ्ठी लाल झाली. बराच वेळ कुरकुरून तो म्हणाला, "जातो मंगळवारी तपासणीला. पण नेरिडा सोबत आली तरच."

"गुणाची पोर," कीथने मान डोलावली. "कसं नेमकं शोधून काढलं!"

व्हर्ना चकचकीत झालेला ग्लास पुसतच राहिली. मग म्हणाली, "लेन, मंगळवारी गाडी मी चालवणार. आणि पुढे तू बसायचंस. ती मागे."