तोकुएची किडकी पानं

जपानमधल्या कानाझावात किमोनो रंगवणारे पुष्कळ, पण आसानो नदीकाठच्या तोकुएला सगळे 'अळीवाली' म्हणायचे. कानाझावाच्या रंगकामात पानाच्या कडेला अळीने खाल्ल्याची खूण ठेवायची रीतच आहे. पान जगलंय, त्याने ऊन-पाऊस सोसलाय, एवढंच त्यातून सांगायचं असतं. बाकीचे रंगारी एखाद्या पानावर ती खूण उरकतात. तोकुए मात्र रोज सकाळी परसातल्या चेरीखाली अळ्या कशा कुरतडतात ते बघत बसायची. शेजाऱ्याने औषध फवारलं तेव्हा "माझ्या मास्तरणी मारल्यास" म्हणून तिने त्याच्याशी महिनाभर अबोला धरला.

तिची एकुलती एक मुलगी चिगुसा आईच्या मांडीला मांडी लावून शिकली. पानं तर ती आईपेक्षा सरस रंगवायची. मग क्योटोच्या एका तालेवार घरात तिचं लग्न ठरलं. लग्नाच्या किमोनोचं कच्चं चित्र बघायला होणारी सासू आली आणि गोड हसून म्हणाली, "किती जिवंत हो पानं! किड्यांनासुद्धा आवडली." क्योटोची माणसं नावं ठेवतात ती अशी. चिगुसाचा चेहरा उतरला. भोकं नकोत, एवढंच ती आईला म्हणाली, आणि तोकुएने जन्मात पहिल्यांदा सगळी पानं धडधाकट रंगवली.

सहा वर्षांनी लग्न मोडलं आणि चिगुसा माहेरी आली. स्वयंपाक करायची, भांडी घासायची, पण रंगाच्या खोलीचा उंबरा काही ओलांडायची नाही. पोर परत आली याचं तोकुएला फारसं वाईट वाटलं नव्हतं. तिचा हात थांबला, याने मात्र ती आतून तुटत होती.

मग मासळीबाजारातल्या माकिनो नावाच्या विधुराने चिगुसाला मागणी घातली. ती हो म्हणाली, पण दुसऱ्या लग्नात कसला थाट, साधा किमोनो घालीन, असंही म्हणाली. तोकुएने तिचा पहिल्या लग्नातला किमोनो बाहेर काढला, उसवला, कुमारिकेच्या लांब बाह्या रिवाजाप्रमाणे आखूड केल्या. आता मी या पानांना भोकं पाडणार, असं तिने स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने जाहीर केलं.

आणि या अळीवाल्या बाईने पहिलं भोक काढलं ते नेमकं मधल्या जाड शिरेवर. अळी तिथे तोंड लावत नाही, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिने जाणूनबुजून केलं होतं. मग तिने हाक मारली, "चिगुसा, जमलंय का बघ गं जरा."

चिगुसा ओले हात पुसत आली, दारातूनच तिने पानाकडे बघितलं आणि तरातरा आत शिरली.

"आई, शीर कोण खातं? कडेपासून सुरुवात करते ती."

"डोळे गेले गं माझे."

"सरक."

तोकुए सरकली. चिगुसाने गुडघे टेकले, तपकिरी रंगात कुंचला बुडवला आणि पानाच्या कडेला एक बारीकशी खूण केली. मग दुसऱ्या पानाला, मग तिसऱ्या. आपण बोललो तर ही उठून जाईल, या भीतीने तोकुए नुसती रंगाच्या वाट्या तिच्या हाताशी सरकवत राहिली. शेवटी चिगुसाच मान वर न करता म्हणाली, "मुद्दाम केलंस ना?"

"हो."

"ते पान तसंच राहू दे. आणि उद्यापासून पानं माझ्याकडे. लग्न झालं तरी बाजार काही लांब नाही."

तोकुएला रडू आलं आणि तिने ते खुशाल येऊ दिलं. तिकडे गॅसवर माकिनोने पाठवलेले मासे करपून गेले होते. दोघींनी ते तसेच भाताबरोबर खाल्ले.