आत्याच्या दारातला धोंडीबा

आत्या गेल्याचं सांगायला आत्येभाऊ कुरुळीहून सायकल हाणत पिंपरीला, कारखान्याच्या फाटकाशी आला. खोटं कशाला लिहू? रडू फुटायच्या आधी मला माझं पत्रक आठवलं...

धोंडीबा हे तिच्या यजमानांचं नाव. ते वारले त्याच वर्षी नातू झाला. आत्या म्हणाली, धोंडीबा ठेवा. तिच्या सुनेनं, म्हणजे वहिनीनं, नाक मुरडलं. असलं जुनाट नाव घेऊन पोरगं शाळेत कसं जाणार? नातू अशोक झाला, आणि आत्यानं दारातल्या तांबड्या कुत्र्याला धोंडीबा करून टाकलं. मी भडकलो. जन्मभर मातीत राबलेल्या माणसाचं नाव कुत्र्याला? ‘धोंडीबा हे कष्टकऱ्याचं नाव आहे, त्याची विटंबना थांबवा!’ असं पत्रक छापून मी अख्ख्या कुरुळीत वाटलं आणि वर आत्यालाच जाब विचारायला गेलो. ती भाकरी थापत होती. “बायांना बरोबरीचा हक्क पायजे म्हनून वरडत फिरतो, त्यो तूच न्हवं?” ती म्हणाली. “आरं, तीस वर्सं मी त्यास्नी ‘अवं’ म्हनलं. नाव घेतलं ते उखाण्यात. आता तोंडभरून घेते, तर तुझ्या पोटात का दुखतंय?” तिनं वाढलेली भाकरी तशीच टाकून उठलो, ते दीड वर्ष तिकडं फिरकलो नाही.

दहाव्याला गेलो तेव्हा वहिनीला विचारलंच, “आत्या माझ्यावर रागावून गेली का?”

“रागावून?” वहिनीनं देवाच्या फळीवरून घडी पडलेला कागद काढला. माझंच पत्रक! ‘धोंडीबा’ या अक्षरांवर बोट फिरवून फिरवून शाई पुसट झाली होती. “वाचता येत नव्हतं, पन नाव कुठं हाय तेवढं इचारून ठेवलं हुतं. आल्यागेल्याला दावायच्या... आमच्या मालकांचं नाव छापून आलंय, भाच्यानं छापलंय.”

छातीवरचा धोंडा उतरला.

दारात तांबडा पडून होता. आत्या गेल्यापासून अन्नाला शिवला नव्हता. सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं म्हणून वहिनी त्याला ‘मामंजी’ म्हणायची. “मामंजी, खावा की.” तो हलेना. दिवस मावळत होता, आत्याच्या हाकेची वेळ. वहिनीनं पदर सारखा केला, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि घसा साफ करून ओरडली, “धोंडीबा! ए धोंडीबा, ये!”

तांबडा उठला, अंग झाडलं, भाकरीला तोंड लावलं.

“जेवले बाई मामंजी,” वहिनी म्हणाली.