दादाचं सागवानी फ्लोअरिंग

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टिंगलच करत आले. केंद्र सरकारची नोकरी... कागदावर सही नसेल तर समोरच्या माणसाचंही खरं मानायचं नाही, ही सवय. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्या मोठ्या भावानं, दादानं, गुडगावात फ्लॅट घेतला. मानेसरला एका कारखान्यात मॅनेजर झाला होता. घरभर सागवानी फ्लोअरिंग. आई त्याच्याकडे असायची. अर्धांगाच्या झटक्यानंतर ती वॉकर धरून, उजवा पाय ओढत चालायची. लाकडावर चरे पडतात म्हणून दादा तिच्यावर खेकसायचा. शेवटी तिनं खोलीबाहेर येणंच सोडलं. मी गेले की एकच म्हणायची, "मला तुझ्याकडे ने गं."

दादा नेऊ देत नव्हता. मुलगा असताना आई लेकीकडे राहिली तर लोक काय म्हणतील! त्याला आई नको होती हो, नाव हवं होतं.

त्याच खोलीत ती वारली. आमच्याकडे माणूस जातं त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात, आणि नंतर पिठावर काही उमटलंय का ते बघतात. दादा म्हणाला, तेलाचे डाग पडतील, नको. एवढंही केलं नाही मेल्यानं! वॉकर तो भंगारात देत होता. मी तो माझ्या क्वार्टरवर आणला आणि माळ्यावर टाकला.

तेरावं होतं न होतं तोच फ्लोअरिंग घासायला मिस्त्री हजर. आईचे चरे काढायचे होते ना! मशीननं सगळं घर घासून झालं. मिस्त्री म्हणाला, धूळ खाली बसू दे, पॉलिश उद्या करू. दादा घराला कुलूप लावून बायकोच्या माहेरी झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या साड्या न्यायला गेले होते. पॉलिशसाठी मिस्त्रीही आला होता. कुलूप दादानं आमच्यासमोर उघडलं. घरभर लाकडाची धूळ, पिठासारखी बारीक. आणि त्या धुळीत आईच्या पलंगाच्या जागेपासून थेट बाहेरच्या दारापर्यंत पावलं. अनवाणी. डावं पाऊल स्वच्छ उमटलेलं, उजवं फरपटलेलं. पुढे वॉकरचे गोल ठिपके. परतीचं पाऊल एकही नाही.

"दादा, बघ तरी एकदा," मी म्हटलं.

तो पांढराफटक पडला होता. पण मान वळवून मिस्त्रीला म्हणाला, "पहले झाडू मारो।"

घरी येऊन मी पर्सही न ठेवता माळा उघडला. वॉकरच्या रबरी बुडांना बारीक भुसा चिकटला होता. ताज्या घासलेल्या सागाचा वास येत होता त्याला. आमचे हे म्हणाले, तुझ्याच कपड्यांवरून आला असेल. पण मी वॉकरला अजून हातही लावला नव्हता.

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. दादाशी बोलणं तेव्हापासून बंद आहे. त्याचं फ्लोअरिंग म्हणे आरशासारखं चमकतं... चमकू दे. वॉकर मी माळ्यावरून काढून बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलाय. आई माझ्याकडे आली. त्यासाठी तिला मरावं लागलं.