रोहित पाहायला मेंढरांत शिरलो

रजेचे तीनच दिवस उरले होते, आणि लग्न ठरताना आमच्या ह्यांनी कबूल केलेले रोहित पक्षी मी अजून पाहिले नव्हते. लढाईवर परत जाणाऱ्या माणसाचा शब्द अर्धवट ठेवायचा? मुळीच नाही! "उद्या निघायचं," मी जाहीर केलं.

"पाखरं बगाय मोटारीनं जात्यात व्हय गं कुनी?" सासूबाई म्हणाल्या. पण भाकरी-ठेचा त्यांनीच बांधून दिला.

तासगावहून विट्यापर्यंत मोटार, पुढे म्हसवडची दुसरी. पेट्रोल लढाईला गेलंय, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. जाणार असाल तर जुनं लुगडं नेसा बाई! माझं नवं हिरवं विट्यातच काळं झालं. हसून हसून पोट दुखलं.

म्हसवडच्या अलीकडे उतरून तळ्यापर्यंत कोसभर चाललो. या तळ्यावर शिकारीला बंदी आहे, संस्थानची आणि त्याहून कडक गावाची. पाण्यात, अगबाई, गुलाबी रांगच्या रांग! पण लांब. पलटणीच्या साहेबानं बक्षीस दिलेली दुर्बीण ह्यांनी गळ्यात अडकवली आणि हे शत्रूच्या ठाण्याकडे निघाल्यासारखे पोटावर सरपटू लागले. मागून मीही, कोपरांवर! पन्नास हात गेलो नसू, तोच सगळे रोहित भर्रकन उडून पलीकडच्या काठाला उतरले. मला रडूच यायचं बाकी होतं.

मागे कुणीतरी खो खो हसलं. पाहतो तर मेंढरं राखणारे एक आबा, बिरूआबा नाव त्यांचं.

"आवं शिपाईगडी, सरपटतो त्यो शिकारी, एवडं पाखरालाबी कळतंय. मेंढरांत मिसळा, गड्या." त्यांनी आपली घोंगडी आम्हां दोघांवर टाकली.

मेंढरं चरत चरत निघाली, त्यांच्यात वाकून आम्ही. एक कोकरू माझा पदर चघळत होतं. आणि मग वीस पावलांवर, वाकडी चोच पाण्यात उलटी घालून खाणारे रोहित! डोळे भरून आले माझे.

"आवं, दुर्बीण द्या की!" मी ह्यांच्या कानात कुजबुजले.

"आता कशाला?" हे म्हणाले. खरंच, कशाला!

परतीच्या मोटारीसाठी धावत सुटलो आणि घरी येऊन पाहतो, तर आबांची घोंगडी आमच्याकडेच! आबांना थंडीला आमची नवी घोंगडी म्हसवडच्या बाजारकऱ्याबरोबर लगेच धाडली. सासूबाई म्हणत होत्या, त्येंचीच का न्हाई धाडत? मी ऐकलं नाही.

आबांच्या घोंगडीला अजून मेंढरांचा वास येतो. ह्यांना निरोप देताना स्टेशनावर मी बजावलं, "आबांची घोंगडी आबांच्या हातात तुमीच द्यायची. परकी वस्तू हाय. परत यावंच लागंल."